पेपरातल्या चौधरींचं सुतक

मधली भिंत खाली आली तेव्हा मी आंगणात भांडी घासत होते. आठ दिवसांपासून पावसाची झड लागून होती. आवाज फार मोठा झाला नाही. ओलं पोतं उंचावरून टाकावं तसं धप्प झालं आणि दारातून चिखलाचा वास आला. आत माझे सासरे होते, सासू होती आणि माझी तीन वर्षांची पोरगी होती. बाहेरून पाहिलं तर घर जसंच्या तसं उभं होतं.

मी गल्लीत धावले आणि ओरडले. समोरच्या ओसरीत धुरपता सूप घेऊन तांदूळ पाखडत बसली होती. ती उठली नाही. मान वर करून तिनं विचारलं, "आज कोण मेला वं? जज्ज का प्रोफेसर?"

तिच्या मागून तिचा नवरा मोतीराम हसला. म्हणाला, "दहा दिवसवाला होय का तीन दिवसवाला, ते विचार तिले."

मी नेमकं काय ओरडले, ते मला सांगता येत नाही. मी म्हणते की 'भिंत पडली, धावा' असंच ओरडले. धुरपता मरेपर्यंत म्हणत राहिली की मी नुसती 'मामाजी, मामाजी' करून रडत होते, भिंत हा शब्द माझ्या तोंडातून निघालाच नाही. छपराच्या कवेलूंवर पाऊस एवढा वाजत होता, की दोघींचंही खरं असू शकतं. ती उठली नाही, एवढं मात्र नक्की. का उठली नाही हे सांगायचं तर मामाजींपासून सांगावं लागेल.

सासऱ्याला आमच्याकडे मामाजी म्हणतात. ते शाळामास्तर होते, हेडमास्तर होऊन घरी बसले. आमचं गाव सौंदड टेसनापासून पायी तासाभरावर. तेव्हा गोंदियाचा जिल्हा झाला नव्हता, आम्ही भंडाऱ्यात मोडत होतो. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. आम्ही पोवार, आडनाव चौधरी. आता चौधरी आमच्यात असतात, तसे तेल्यांत असतात, कुणब्यांत असतात, बंगाल्यांत आणि पंजाब्यांतही असतात. हे गुरं चारणाऱ्यालाही समजतं. मामाजींना समजत नव्हतं, का समजून घ्यायचं नव्हतं, हे मला तेरा-चौदा वर्षं त्यांच्या घरात राहूनही कळलं नाही.

त्यांचं म्हणणं असं, की आपले वाडवडील माळव्यातून बैलगाड्या घेऊन निघाले, तेव्हा काही गाड्या वाट चुकल्या. जे चुकले ते कोणी कलकत्त्याला गेले, कोणी लाहोरला गेले. मोतीराम एकदा त्यांना मुद्दाम म्हणाला, "गुरुजी, मुसलमान चौधरीही असतात म्हणते. तेही आपलेच काय जी?"

"तेही आपलेच," मामाजी म्हणाले. "वाट चुकलेला माणूस जिथं जागा भेटेल तिथं मुक्काम करते."

मामाजींशी वाद घालणाऱ्याची अशीच पंचाईत व्हायची. माणूस वेडा असता तर बरं झालं असतं. पण हिशेबानं बोलायचे, शिव्या देत नव्हते, शेतीचं बघत होते, कोणाचा अर्ज लिहायचा असला तर सांगून लिहवून देत होते. वेड एवढंच, की हिंदुस्थानात जिथं कुठं चौधरी आडनावाचा माणूस काही शिकला, काही झाला, तो त्यांचा भाऊ.

त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. मोठी अक्षरं कशीबशी दिसायची, पेपरातली अजिबात नाही. माझं लग्न या घरात झालं ते त्याच कारणानं. मला पाहायला आले तेव्हा सासूनं विचारलं, धानाची रोवणी येते काय, आंबिल करता येते काय. मामाजींनी कोटाच्या खिशातून घडी केलेला पेपर काढला आणि माझ्या हातात दिला. "खालचा कोपरा वाच," म्हणाले. मी चौथी पास. माझ्या बापानं घाम पुसला. मी वाचलं. कोणी वकील नागपुरात वारले होते, त्यांची बातमी होती. एका जागीही अडले नाही. मामाजी म्हणाले, "पोरगी पसंत." सासू माझ्याकडे पाहून म्हणाली, "मरणाची बातमी वाचली अन् पसंत झाली. घे बाई आता."

पेपर नागपुरातून मोठ्या गाडीनं गोंदियाला यायचा आणि तिथून छोट्या लाईनच्या गाडीनं सौंदडला. एक दिवस शिळा. मामाजी स्वतः आणायला जायचे. अर्धे आंधळे, पण वाट पायाला पाठ. पावसात छत्री न्यायचे, ती पेपरावर धरायचे आणि आपण भिजत यायचे. घरी आल्यावर ओले कपडे बदलून गळाबंद कोट घालायचे, बटनं वरपर्यंत लावायचे, आणि ओसरीतल्या खाटेवर शाळेत बसल्यासारखे ताठ बसायचे. मी पदर घेऊन दाराआड. "वाच," म्हणायचे. मी वरून सुरू केलं की हात वर करायचे. "वरचं राहू दे. वर पुढाऱ्यांची भाषणं असतात. खालचं वाच."

चौधरी सापडला नाही तर वरचं वाचलेलं चालायचं.

सापडायचे मात्र पुष्कळ. कलकत्त्याला एक चौधरी होते, जुन्या नाण्यांवर त्यांनी जाडं पुस्तक लिहिलं होतं. जबलपूरला एक होते, धानाच्या किडीवर अभ्यास करणारे. त्यांची बातमी वाचली तेव्हा सासू चुलीपासून म्हणाली, "त्याले म्हणा, इकडे ये. आमच्या बांधीत अभ्यास कर. किडीले तोटा नाही." अमरावतीला एक बाई होती, तिनं संस्कृतातले ग्रंथ मराठीत केले आणि मुलींची शाळा काढली. नागपुरात एक जज्ज होता. विधानसभेत एक होता, तो फार बोलायचा, त्याची बातमी नेहमी वरच्या बाजूला यायची म्हणून मामाजींना तो फारसा आवडत नव्हता. पंजाबात एक पैलवान होता. आणि एक होता खोट्या नोटा छापताना पकडलेला. तो वाचला तेव्हा मला वाटलं, आता मामाजी म्हणतील हा आपला नाही. ते म्हणाले, "छपाई शिकला होता म्हणजे. वाईट संगतीत गेला. पण आपला माणूस आहे."

नाण्यांवाल्यांना त्यांनी माझ्याकडून पोस्टकार्ड लिहवून घेतलं. आपण एका कुळाचे, कधी इकडे आलात तर घर आपलं आहे, असं. महिन्याभरानं इंग्रजीत उत्तर आलं. गावात इंग्रजी कोणाला येत होतं? मामाजी ते घेऊन सौंदडच्या टेसनमास्तरकडे गेले. टेसनमास्तरनं वाचून सांगितलं, की ते विचारतात, तुमच्या भागात जमिनीत कुठं जुनी नाणी सापडली आहेत काय. कुळाबद्दल एक अक्षर नव्हतं. मामाजी खूश. "पाहा, आपलं घर समजून मागते," म्हणाले. मग आठ दिवस गावात दारोदार फिरले, कोणाकडे जुना तांब्याचा तुकडा आहे काय म्हणून. एकीनं पायरीखाली पुरलेला झिजलेला पैसा काढून दिला. तो कापडात शिवून पार्सलनं कलकत्त्याला पाठवला. पोचला की नाही, कोणाला ठाऊक.

सकाळी आंघोळ झाली की तुळशीपाशी उभे राहून हजेरी घ्यायचे. हे मी कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. चाळीस वर्षं शाळेत हजेरी घेतली, ती सवय गेली नव्हती. "चौधरी, कलकत्ता." थोडं थांबून स्वतःच म्हणायचे, "हजर." "चौधरी, जबलपूर." "हजर." "चौधरी, अमरावती, बाई." "हजर." जो मेला असेल त्याचं नावही घ्यायचे, पण मग उत्तर द्यायचे नाहीत, नुसतं थांबायचे, आणि पुढचं नाव घ्यायचे. गल्लीतली पोरं कुंपणाशी उभी राहून ऐकायची.

सासूनं एकदा शेण कालवता कालवता विचारलं, "एवढी हजेरी घेऊन राहिले, त्यात माझं नाव काऊन नाही? मी चौधरी नव्हे काय?"

"तू शिकली काय?"

"नाही शिकली. म्हणून तर तुमच्या घरी आली."

मामाजी हसले नाहीत. त्यांना ती थट्टा आहे हेच समजलं नाही. त्यांनी तिला समजावून सांगितलं, की ही हजेरी शिकलेल्यांची आणि लोकांचं काम करणाऱ्यांची आहे. तिनं ऐकून घेतलं आणि शेण कालवत राहिली.

मग एक दिवस मी वाचलं, की कलकत्त्याचे नाणीवाले वारले.

मामाजींनी कोटाची बटनं काढली. उठले, आत गेले आणि सासूला म्हणाले, "चूल विझव." तिला वाटलं त्यांचा लाखनीचा चुलतभाऊ गेला. तिनं पाणी टाकून चूल विझवली आणि रडायला बसली. रडणं ऐकून गल्ली आली. मामाजींनी न्हाव्याला बोलावून डोकं आणि मिशा काढल्या. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून धुरपतानं दोन दिवस स्वतःच्या घरचा भात आणि वरण आणून दिलं. दूरच्या दोघी बायका तर गळ्यात पडून रडून गेल्या. तिसऱ्या दिवशी मोतीरामनं विचारलं, "गुरुजी, भाऊ कुठचे होते जी? माती तिकडेच झाली काय?" मामाजींनी खरं सांगितलं. ते कधी खोटं सांगत नसत.

धुरपता आमच्या आंगणात येऊन उभी राहिली. "मी दोन दिवस माझ्या पोरांले थांबवून तुमच्या घरी भात आणला. त्या बाप्याले मी पाहिलं काय? त्यानं मले पाहिलं काय? तुम्ही तरी पाहिलं काय जी त्याले?"

"नाही पाहिलं," मामाजी म्हणाले. "म्हणून तर जास्त वाईट वाटून राहिलं."

तेव्हापासून आमच्या घरी सुतक हा नेम झाला. मामाजींनी त्याचे नियमही ठरवले. ज्यानं ग्रंथ लिहिला त्याचे दहा दिवस. जो नुसता लोकांच्या कामात होता, आमदार, जज्ज, त्याचे तीन. पैलवानासाठी डोक्यावरून आंघोळ. मी विचारलं, मंत्री मेला तर? म्हणाले, "ग्रंथ लिहिला असेल तर दहा. नसेल तर मंत्र्याचे तीनच." सुतकात फोडणी नाही, हळद नाही, देवाला दिवा नाही, खाटेवर झोपणं नाही. मधल्या खोलीत चटई टाकून मामाजी आणि सासू दिवसरात्र जमिनीवर. सुतकातल्या बाईचा हात पऱ्ह्याला, म्हणजे धानाच्या रोपांना, नको, म्हणून मला रोवणीला कोणी बोलवत नसे. माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात मला हळदीला उभं राहू दिलं नाही, कारण अमरावतीची बाई सहाव्या दिवसात होती.

सासू प्रत्येक वेळी रडायची. खोटं नाही, खरं पाणी डोळ्यांतून. मी एकदा विचारलं, "तुम्ही त्या जज्जाले ओळखत नव्हत्या, मग कायले रडता?" ती म्हणाली, "रडायचं राहूनच गेलं असते बाई कितीतरी. कोणाच्या नावानं रडलं त्याचं काय?" हे तिचं बोलणं मी पुष्कळ वर्षं डोक्यात घोळवलं. अजून पुरतं समजलं नाही.

गाव पहिल्या वर्षी चिडलं, दुसऱ्या वर्षी हसायला लागलं. आमच्या घरातून रडण्याचा आवाज आला, की लोक हातातलं काम सोडत नसत. नुसतं विचारत, आज कोण?

माझा नवरा गोंदियाला भाताच्या गिरणीत कामाला होता, शनिवारी यायचा. त्याला बापाची लाज वाटायची आणि बापाशी बोलायची हिंमत नव्हती. मामाजी एकही पेपर फेकत नसत. मधल्या खोलीवर लाकडी माळा होता, त्यावर सगळे गठ्ठे बांधून ठेवलेले, सात-आठ वर्षांचे. पावसात कवेलूंतून पाणी गळायचं, ते त्या गठ्ठ्यांत मुरायचं. माळ्याची एक बाजू मधल्या भिंतीवर टेकलेली. नवरा एकदाच म्हणाला, "बाबा, गठ्ठे गोठ्यात नेऊ काय? भिंत मातीची आहे."

"कलकत्तेवाल्याले गोठ्यात ठेवू? बैलांपाशी?"

तो विषय तिथं संपला.

बहिणीच्या लग्नानंतर मी ठरवलं, की आता वाचायचं नाही. खालच्या कोपऱ्यात चौधरी दिसला की मी डोळे पुढच्या बातमीवर न्यायची. आवाज बदलू द्यायची नाही. सहा महिने असे गेले. किती मेले, मला आठवत नाही, तिघं-चौघं असतील. मामाजी फार आनंदात होते. मोतीरामला बोलावून सांगितलं, "सहा महिने झाले, एकही चौधरी गेला नाही. शिक्षणानं आयुष्य वाढते."

मोतीराम म्हणाला, "मग आमच्यांनीच काय पाप केलं जी? आमचे मरूनच राहिले."

मी दाराआड तोंडाला पदर लावून हसले. तेव्हा मला काही वाटलं नाही.

आता जे लिहिते ते मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

त्या वर्षी रोवणी फार लांबली. सोळा दिवस मी दिवसभर चिखलात वाकून होते. आमची बांधी झाली की दुसऱ्याच्या बांधीत, हातफेडीला. बोटांची चामडी पांढरी होऊन निघायला लागली होती. कंबर सरळ होत नव्हती. संध्याकाळी मामाजी म्हणाले, वाच. मी पेपर उघडला. खालच्या कोपऱ्यात कोणीच चौधरी नव्हता. मी वाचलं, सागर येथील प्रोफेसर चौधरी, व्याकरणावर ग्रंथ लिहिणारे, अल्प आजाराने कालवश झाले.

असा माणूस नव्हता. मला दहा दिवस पाहिजे होते.

व्याकरण हा शब्द मला शाळेपासून ठाऊक होता, तो घातला. ग्रंथ घातला, कारण ग्रंथाशिवाय दहा दिवस मिळत नाहीत. मामाजींनी कोटाची बटनं काढली. सासू रडली. दुसऱ्या दिवशी मला कोणी रोवणीला बोलावलं नाही आणि मी दुपारपर्यंत झोपले.

तिसऱ्या दिवशी भिंत पडली. सुतक नसतं तर सासू बांधीकडे गेली असती, नाहीतर चुलीपाशी असती. मामाजी ओसरीत खाटेवर असते. दोघं मधल्या खोलीत चटईवर बसले होते ते सागरच्या प्रोफेसरसाठी.

तर मी गल्लीत उभी होते आणि धुरपता उठत नव्हती. मी एकदा आत जाऊन आले. मधल्या खोलीचं दार चिखलानं अर्धं भरलेलं. वरून कागदाचे काळे ओले गठ्ठे लोंबत होते. पोरीचा आवाज येत होता, पण कुठून ते कळत नव्हतं. मी हातांनी माती ओढली, ती पुन्हा खाली आली. माझ्या एकटीनं होणार नव्हतं. आठ-दहा माणसं पाहिजेत आणि आत्ता पाहिजेत, एवढं मला समजलं. बाहेर येऊन पुन्हा ओरडले, तर मोतीरामनं आतूनच सांगितलं, "ऐकलं बाई, ऐकलं. आंघोळ करून घेतो."

मग मला काय सुचलं, कसं सुचलं, माहीत नाही. मी गल्लीच्या मधोमध उभी राहून ओरडले, "म्हशी शिरल्या वो! पऱ्ह्यात म्हशी शिरल्या!"

रोवणी अजून उरलेली, आणि रोवायची रोपं सगळ्यांची एकाच उंचवट्यावर, गावाच्या कडेला. ती गेली की वर्ष गेलं. क्षणात सगळी दारं उघडली. मोतीराम काठी घेऊन धावत निघाला, त्याचे भाऊ निघाले, खालच्या गल्लीतले निघाले. "कोनाच्या म्हशी? कुठून शिरल्या?" मी मोतीरामची बंडी धरली. त्याला आमच्या दारात ओढत नेलं आणि आत बोट दाखवलं. तो बघत राहिला. म्हणाला, "म्हशी कुठं आहेत?" एवढा वेळ त्याला लागला. मग त्यानं काठी टाकली आणि हाक मारली, "फावडे आणा रे!"

ते खणायला लागले तेव्हा धुरपता माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. हातात सूप तसंच होतं. ती विचारत होती, "तू भिंत म्हटली काय वं? तू म्हटली काय?"

पुढं गावात असं सांगतात, की सासूनं नातीला पोटाशी धरलं म्हणून नात वाचली. तसं काही झालं नाही. पोरगी धान साठवायच्या ढोलीमागे घुसून बसली होती, आजीनं ओरडू नये म्हणून, कारण तिनं गूळ चोरला होता. माळ्याचं लाकूड ढोलीवर अडलं. तिला काढलं तेव्हा तोंडात गूळ होता आणि ती रागानं रडत होती. मामाजींच्या अंगावर आधी कागदाचे गठ्ठे पडले आणि त्यावर माती. मांडीचं हाड मोडलं. बाकी काही नाही. सासू भिंतीला पाठ लावून बसली होती.

मोतीरामनं तिला उचलून ओसरीत आणलं. त्यानंच आधी हात जोडले.

त्या दिवशी धुरपतानं भात आणला. भांडं ठेवलं आणि माझ्याकडे न पाहता गेली. दहा दिवस आणत राहिली. या सुतकात गावानं काही विचारलं नाही. मामाजी पाय बांधून ओसरीत पडलेले. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या लावल्या होत्या. सकाळी हजेरी नाही, काही नाही. लोक भेटायला यायचे, ते त्यांच्याकडे बघायचे आणि विचारायचे, "पाऊस थांबला काय जी?" थांबला नव्हता, आवाज सगळ्यांना येत होता.

तेराव्यानंतर मला म्हणाले, "पोस्टकार्ड आण. पेपरवाल्यांले कळवायचं आहे." मी दौत-टाक घेऊन बसले. त्यांनी सांगितलं, सेवानिवृत्त मुख्याध्यापक अमुक चौधरी यांच्या पत्नी. तिचं नाव. मग थांबले. "शिक्षण," म्हणाले, आणि स्वतःच उत्तर दिलं, "शिक्षण नाही." मग म्हणाले, "कार्य." मी टाक धरून थांबले. शाई सुकली, मी पुन्हा बुडवला. ते तोंड हलवत होते, पण शब्द येत नव्हता. माझ्या आधी चाळीस वर्षं ती त्या घरात होती. शेवटी म्हणाले, "राहू दे. नाव अन् गाव लिही फक्त." तेवढंच लिहिलं आणि पाठवलं.

आता टेसनावरून पेपर मोतीराम आणायचा. न सांगता आणायचा आणि खाटेवर ठेवून जायचा. मामाजी कोट घालत नव्हते. नुसतं म्हणायचे, "खालचं वाच." मी वाचायची. तिचं नाव नसायचं. पंधरा दिवस झाले, वीस झाले. वाचून संपलं की ते हात पुढं करायचे आणि पेपर स्वतःच्या हातात घ्यायचे. दिसत काही नव्हतं. खालच्या कोपऱ्यावरून बोट फिरवायचे.

एका संध्याकाळी मी वाचलं. सौंदडजवळील सौ. चौधरी या कालवश झाल्या. त्या रोवणीत पटाईत होत्या. त्यांनी लावलेलं रोप कधी पाण्यावर तरंगलं नाही. गावातील अनेक बाळंतपणे त्यांनी केली. त्यांच्यामागे पती, मुलगा, सून व नात आहेत.

मामाजी छताकडे तोंड करून पडून होते. मग म्हणाले, "पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं.

"पहिल्यांदा बाळंतपणं शेवटी होती," ते म्हणाले. "आता रोवणीच्या आधी आली."

चाळीस वर्षं ज्यानं पोरांचं पाठांतर ऐकलं, त्याच्यासमोर मी हे करायला गेले होते.

"पेपरवाले रोवणीचं लिहीत नाहीत सूनबाई," ते म्हणाले. मग आवाज न चढवता विचारलं, "सागरवालाही असाच होता काय?"

मी पेपराची घडी घालायला लागले. त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. मी त्यांना दिसत नव्हते, नुसता पदराचा रंग दिसत असेल. मला वाटलं आता घराबाहेर काढतील. वाटलं नवऱ्याला सांगतील, गावाला सांगतील. रागावले असते तर मला समजलं असतं.

"पुढं वाच," ते म्हणाले.

मी पुढं वाचलं. भाताच्या भावाची बातमी होती.

त्यांनी ते पुन्हा कधी काढलं नाही. मलाच पेपर वाचायला लावत राहिले, शेवटपर्यंत. मी सगळं वाचत गेले, काही गाळलं नाही आणि काही घातलं नाही. त्यानंतर बरेच चौधरी वारले. ते ऐकायचे, "आपला माणूस होता," म्हणायचे, पण सुतक धरलं नाही. मला माफ केलं होतं, का माझ्यावरचा विश्वास उडाला होता म्हणून कोणाचंच मरण खरं वाटत नव्हतं, हे मला ठरवता आलेलं नाही. सासू गेली ती भिंतीनं, कागदानं, पावसानं, धुरपताच्या न उठण्यानं, का माझ्या कंबरेच्या दुखण्यानं, हेही नाही. माझं वय आता ऐंशीच्या वर आहे. आता ठरवून करायचं तरी काय?

भिंतीखाली तिघं होते. सासू तिथंच गेली. मामाजी लंगडत आणखी नऊ वर्षं जगले. पोरगी जगली, गोंदियाजवळ फुलचूरला राहते, तिला नातवंडं आहेत.